नव्या क्यूटीनंतर डेस्कटॉप कोसळतोय? जे बदललं नाही ते आधी शोधा

"ताई, मेनू उघडला की सगळं जातंय."

ऑक्टोबर २०२४. मिरजेतल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात एका दिवाळी अंकाचे शेवटचे दोन फर्मे लागायचे होते, म्हणजे ३२ पानं. दिवाळी तोंडावर आलेली, छापखान्यातून रोज फोन. जेवायला उठताना मी मशीनला अपडेट लावून गेले. परत येऊन रीस्टार्ट केलं, माझ्याबरोबर काम करणारी मुलगी खुर्चीत बसली आणि दोनच मिनिटांत तिची हाक आली. लॉगिन होत होतं, वॉलपेपर दिसत होता, खालची पट्टी दिसत होती. मेनूचं बटण दाबलं की पट्टी गायब, पडदा काळा, आणि पाच-सहा सेकंदांनी सगळं परत जागेवर. पुन्हा दाबलं की पुन्हा तेच.

डेस्कटॉप ताळ्यावर यायला पहाटेचे दोन वाजले. प्रत्यक्ष दुरुस्ती दहा मिनिटांची होती. बाकीचे तास मी उलट्या क्रमाने शोधत होते म्हणून गेले. सुलटा क्रम काय तो इथे लिहिते आहे, म्हणजे ऐन कामाच्या दिवसांत कुणावर ही वेळ आलीच तर रात्र वाया जाणार नाही.

आमच्या मशीनवर आर्च लिनक्स हे लिनक्सचं एक वितरण, म्हणजे जुळवून दिलेला संच, आहे आणि त्यावर केडीईचा प्लाझ्मा ६ हा डेस्कटॉप. त्या अपडेटमध्ये क्यूटी ६.७ वरून ६.८ वर गेलं होतं. क्यूटी म्हणजे खिडक्या, बटणं, मेनू, अक्षरं पडद्यावर काढून देणारी लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात असा कोड. प्लाझ्माचा सगळा संसार तिच्यावर उभा आहे. तुमच्याकडे बदललेली लायब्ररी जीटीके (क्यूटीसारखीच दुसरी) असेल किंवा मेसा (ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेणारी) असेल, तरी शोधायची रीत हीच. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते; टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं घ्यायची.

आधी काम बाहेर काढा

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काळा पडदा येईल आणि लॉगिन विचारेल. पासवर्ड टाइप करताना काहीच उमटत नाही, घाबरू नका, तो जातोय. या कन्सोलला क्यूटी लागत नाही, जीटीके लागत नाही, त्यामुळे डेस्कटॉप कितीही आजारी असला तरी हे दार बहुतेक वेळा उघडं असतं. पेनड्राइव्ह लावा, 'यूडिस्क्स-सीटीएल'ने माउंट करा, म्हणजे यंत्रणेला जोडा, आणि 'सीपी' या कॉपीच्या आज्ञेने कामाचा फोल्डर त्यावर उतरवून घ्या. मग डोकं शांत होतं. मी हे पहिल्या तासात केलं नव्हतं, आणि तो तासभर प्रत्येक आज्ञा देताना माझा हात थरथरत होता.

त्याच वेळी तीन गोष्टी करायच्या नाहीत. सगळी यंत्रणा नव्याने टाकायची नाही. घरच्या फोल्डरमधला 'डॉट कॉन्फिग' हा सेटिंगांचा फोल्डर सरसकट उडवायचा नाही. त्याने कधी कधी दुखणं जातं, पण ते कशामुळे होतं हा पुरावाही जातो आणि वर्षानुवर्षं बसवलेली घडी मोडते. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: एकटी क्यूटीच मागच्या आवृत्तीवर नेऊन बघू, असं करायचं नाही. क्यूटीची डझनावारी पॅकेजेस एकमेकांच्या मापाने बांधलेली असतात, आणि प्लाझ्माही त्याच मापाचा. एक मागे आणि बाकी पुढे, असं झालं की एका बिघाडाचे चार होतात. आर्चमध्ये अर्धवट अपडेटला आधार नाही, असं तिथल्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे.

अपडेटनंतर मशीन रीस्टार्ट केलं नसेल तर आता करा. चालू असलेले प्रोग्रॅम जुनी लायब्ररी मेमरीत धरून बसतात आणि नवे उघडलेले प्रोग्रॅम नवी उचलतात. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर कर्नलमधलं (यंत्रणेच्या गाभ्यातलं) मॉड्यूल जुनं आणि बाहेरचा ड्रायव्हर नवा, अशी फारकत होते. नोंदीत 'एपीआय मिसमॅच' असे शब्द दिसतात आणि रीस्टार्टने बऱ्याचदा ते मिटतं.

काय मेलं, काय जिवंत आहे

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. एकही आज्ञा न देता निम्मं उत्तर इथे मिळतं.

एक-एक प्रोग्रॅम उघडून बघा आणि कागदावर दोन रकाने करा. आमच्याकडे पानं लावायचं स्क्रायबस १.६ व्यवस्थित चालत होतं, आणि त्यात मराठी टाइपही होत होतं. चित्रं काढायचं इंकस्केप चालत होतं. फायरफॉक्स चालत होतं. केट हा मजकूर लिहायचा प्रोग्रॅम उघडायचा आणि बंद पडायचा. कॉन्सोल नावाचं टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, तेही तसंच.

आता हे कोण कुणावर उभं आहे ते बघा. स्क्रायबस १.६ क्यूटी ५ वर आहे. इंकस्केप जीटीके ३ वर. फायरफॉक्सही लिनक्सवर जीटीके ३ चाच आधार घेतो. केट, कॉन्सोल आणि प्लाझ्माची पट्टी क्यूटी ६ वर. म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर ठीक, मेसा ठीक, कर्नल ठीक. दुखणं फक्त क्यूटी ६ च्या घरात. हा कागद मी आधी केला असता तर मेसाच्या नादाला लागलेच नसते. त्या रात्री दीड तास मी मेसाच तपासत होते.

टर्मिनलच मेलं असेल तर काय? एक्सटर्म नावाचं जुनं, साधं टर्मिनल बसवून ठेवा. त्याला क्यूटीही लागत नाही आणि जीटीकेही नाही. मी त्याला कीबोर्डवरची एक कळजोडी दिलेली आहे, त्यामुळे मेनूवाचून ते उघडतं. त्या रात्रीचं सगळं काम त्यातच झालं.

दुसरा प्रश्न: नेमकं केव्हा मरतं? मी 'मेनू उघडला की' एवढंच धरून बसले होते. शेजारी बसलेली मुलगी म्हणाली, "ताई, मेनू उघडतोय हो. वरच्या शोधायच्या चौकटीत कर्सर आला की जातंय." आम्ही पुन्हा करून पाहिलं. खरंच, मेनू क्षणभर पूर्ण दिसायचा, चौकटीत उभी रेघ लुकलुकायची आणि मग काळोख. केटमध्येही खिडकी उघडायची, लिहायच्या जागेत कर्सर आला की संपलं. घड्याळावर क्लिक केलं, कॅलेंडर उघडलं, काही झालं नाही. तिथे लिहायची जागाच नाही. क्यूटी ६ चा प्रोग्रॅम, आणि त्यात लिहायची जागा समोर आली की मरण. एवढं वाक्य हाती आलं की शोध एका खोलीपुरता उरतो.

त्या दिवशी काय काय बदललं

आर्चमध्ये 'व्हार' मधल्या 'लॉग' फोल्डरात 'पॅकमन डॉट लॉग' असते; पॅकमन म्हणजे आर्चमधलं पॅकेजेस बसवणारं साधन. शेवटून वाचत वर जा. 'अपग्रेडेड' शब्दापुढे पॅकेजचं नाव, जुनी आवृत्ती, बाण आणि नवी आवृत्ती. डेबियन-उबुंटू या वितरणांत त्याच 'लॉग' फोल्डरातल्या 'एपीटी' मध्ये 'हिस्टरी डॉट लॉग'. फेडोरात 'डीएनएफ हिस्टरी'. यादी कागदावर उतरवायची गरज नाही, फक्त लायब्ररीच्या कुटुंबातलं सगळं एकत्र पुढे गेलंय ना, तेवढं बघा.

आमच्याकडे सगळं एकत्र पुढे गेलं होतं. म्हणजे अपडेट पूर्ण झालं होतं, आणि तरी कोसळत होतं. मग पुढचा प्रश्न: या यादीत काय नाही? जे क्यूटी ६ च्या आत शिरतं पण बदललं नाही, असं काय?

पंचनामा वाचा

प्रोग्रॅम कोसळला की सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारी यंत्रणा) त्याच्या मेमरीची प्रत आणि कारण जपून ठेवते. आर्च आणि फेडोरात ही सोय असतेच. डेबियनमध्ये 'सिस्टमडी-कोअरडम्प' पॅकेज आधी बसवावं लागतं. उबुंटूत वेगळी यंत्रणा आहे आणि तिचे अहवाल 'व्हार' मधल्या 'क्रॅश' मध्ये पडतात.

'कोअरडम्प-सीटीएल लिस्ट' दिलं की तारीख-वेळेसह यादी येते. सिग्नलच्या रकान्यात 'सिगसेग्व्ह' म्हणजे सिग्नल ११ असेल, तर प्रोग्रॅमने जी मेमरी त्याची नव्हती तिला हात लावला. 'सिगअबर्ट' म्हणजे ६ असेल, तर प्रोग्रॅमने स्वतःच हात टेकले; त्या वेळी मरण्याआधीची ओळ यंत्रणेच्या नोंदवहीत, 'जर्नल-सीटीएल'मध्ये, वाचा, कारण बहुतेक वेळा तिथे लिहिलेलं असतं.

मग 'कोअरडम्प-सीटीएल इन्फो' आणि पुढे प्रोग्रॅमचं नाव, आमच्या बाबतीत 'प्लाझ्माशेल'. खाली ओळींची उतरंड येते, प्रत्येक ओळीला अंक, आणि कंसात फाइलचं नाव. आकडे कळले नाहीत तरी चालेल. फक्त कंसातली नावं वाचत खाली या. वरच्या काही ओळी केडीईच्या कोसळण्याची नोंद घेणाऱ्या भागाच्या आणि सी लायब्ररीच्या असतात, त्या सोडा. मग क्यूटीच्या ओळी लागतात. त्यांच्यामध्ये एखादं नाव असं दिसतं की जे क्यूटीचंही नाही आणि त्या प्रोग्रॅमचंही नाही. पाहुणा. त्याच्यावर बोट ठेवा.

आमच्याकडे सातव्या ओळीत पाहुणा होता: 'लिब-एफसीआयटीएक्स५-प्लॅटफॉर्म-इनपुट-कॉन्टेक्स्ट-प्लगइन'. केटच्या पंचनाम्यात तोच. कॉन्सोलच्या पंचनाम्यात तोच. एफसीआयटीएक्स ५ म्हणजे आमचं मराठी टंकनाचं साधन. इनस्क्रिप्ट आणि इंग्रजी यांच्यात आम्ही त्यावरून अदलाबदल करतो. आणि हा प्लगइन म्हणजे क्यूटीच्या प्रोग्रॅममध्ये ते साधन नेऊन पोहोचवणारा दूत. लिहायच्या चौकटीत कर्सर आला की क्यूटी या दूताला हाक मारते. मुलीचं निरीक्षण आणि ही ओळ, दोन्ही एकाच जागी बोट दाखवत होत्या.

दोन-तीन वेगवेगळ्या प्रोग्रॅमचे पंचनामे काढा. एकातच दिसलेलं नाव योगायोग असू शकतं. तिन्हींत दिसलं तर तो नव्हे.

ही फाइल कुणाची?

फाइलचा मालक विचारायची सोय प्रत्येक लिनक्सवर आहे. आर्चमध्ये 'पॅकमन' ला मोठा क्यू आणि छोटा ओ देऊन फाइलचा पूर्ण पत्ता. डेबियन-उबुंटूत 'डीपीकेजी' ला मोठा एस. फेडोरात 'आरपीएम' ला क्यूएफ. आमचं उत्तर आलं की या फाइलचं मालक कुठलंच पॅकेज नाही.

तेव्हा आठवलं. मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आला होता. मराठी लिहिताना शब्दसूचनांची चौकट भलत्याच जागी यायची म्हणून त्याने कोडमध्ये एक बारीक बदल करून हा प्लगइन इथेच बांधला आणि थेट यंत्रणेच्या फोल्डरात ठेवला. तो क्यूटी ६.७ वर बांधलेला. पाच महिने उत्तम चालला. पॅकमनला तो माहीतच नाही, त्यामुळे अपडेटमध्ये त्याला कुणी हात लावला नाही, सावधही केलं नाही.

असं का होतं हे समजून घेतलं पाहिजे, कारण असले सगळे बिघाड इथूनच येतात. क्यूटी ६ च्या कुळात बाहेरच्यांसाठी दिलेल्या सोयी जुळत्या राहतील, अशी हमी आहे, ६.७ वर बांधलेला साधा प्रोग्रॅम ६.८ वर चालतो. पण क्यूटीचा एक आतला भाग आहे, खासगी, त्याला ही हमी नाही. दर आवृत्तीत तिथल्या भिंती हलू शकतात. टंकनाचे प्लगइन, डेस्कटॉपचं रूप क्यूटीत आणणारे प्लगइन आणि प्लाझ्माचे काही भाग या आतल्या खोल्या वापरतात. म्हणून वितरणवाले नव्या क्यूटीबरोबर ही पॅकेजेस पुन्हा बांधून देतात. घरी बांधलेली वस्तू मात्र तुम्हालाच पुन्हा बांधावी लागते. त्यातून क्यूटीचा नियम असा, की जास्त नव्या आवृत्तीवर बांधलेला प्लगइन ती उघडत नाही, पण जुन्यावर बांधलेला उघडते. म्हणजे जुना पाहुणा विनातक्रार आत येतो आणि जिथे काल दार होतं तिथे आज भिंत असते.

आणि फाइलला लागणाऱ्या लायब्रऱ्या सापडतात का ते सांगणाऱ्या 'एलडीडी' वर विसंबू नका. मी त्या प्लगइनवर 'एलडीडी' चालवलं, सगळ्या लायब्रऱ्या सापडतात असं उत्तर आलं, आणि मी त्याला संशयातून सोडून दिलं. क्यूटी ६.७ असो की ६.८, लायब्ररीच्या नावाच्या शेवटी ६ च असतो, म्हणून ती सापडणारच. 'एलडीडी' ला हायफन आर जोडा. मग आतली नावंही जुळवून पाहिली जातात, आणि न सापडलेल्या नावाशेजारी 'प्रायव्हेट एपीआय' असे शब्द आले तर उत्तर मिळालंच. तेही निमूट गेलं तर निर्दोष ठरवू नका. नावं तीच राहून आतली मांडणी बदललेली असू शकते.

डेबियन-उबुंटूवर 'यूएसआर' खालच्या 'लोकल' फोल्डरातही डोकावा. कधीकाळी हाताने बसवलेली लायब्ररी तिथे पडून असते आणि यंत्रणा नव्या लायब्ररीच्या आधी तिलाच उचलते.

एकच गोष्ट बाजूला करून बघा

संशयित सापडला की लगेच पुसू नका. आधी त्याला बाजूला ठेवून तपासा. क्यूटीला टंकनाचा दूत कोणता हे 'क्यूटी अंडरस्कोर आयएम अंडरस्कोर मॉड्यूल' या चलातून, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना वाचतो त्या सेटिंगमधून, कळतं. एक्सटर्ममध्ये त्या चलाची किंमत 'कंपोज' (क्यूटीचा स्वतःचा साधा दूत) देऊन त्याच ओळीत पुढे 'केट' लिहिलं. केट उघडला, कर्सर आला, मी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. टिकला. चल न बदलता पुन्हा उघडला, मेला. असं तीनदा केलं. तीनदा तेच उत्तर आल्यावर मला खात्री वाटली.

एक नवा वापरकर्ता तयार करून त्याच्या नावाने लॉगिन करून बघणं हीही चांगली तपासणी आहे. आमच्याकडे नव्या वापरकर्त्याचा डेस्कटॉप ठणठणीत होता, कारण तो चल फक्त माझ्या खात्यात भरलेला होता. लॉगिनचा पडदाही क्यूटीचाच, तिथे पासवर्डची चौकटही आहे, आणि तो कधी पडला नाही, कारण तेच. इथेच 'डॉट कॉन्फिग' उडवायचा मोह होतो. नका उडवू. फरक खात्यात आहे एवढंच कळलंय, कुठे आहे ते अजून शोधायचंय.

दुरुस्ती

भाच्याची फाइल मी घरच्या फोल्डरात हलवून ठेवली, पुसली नाही. मग वितरणाच्या भांडारातलं 'एफसीआयटीएक्स५-क्यूटी' बसवलं. क्यूटी ५ च्या बाजूचा घरचा प्लगइन अजून जागेवर होता, म्हणून पॅकमन अडला: ही फाइल आधीच आहे. जबरदस्तीचा पर्याय न वापरता तीही हलवली, आणि पॅकेज बसलं. लॉगआउट, लॉगिन, मेनूचं बटण, चौकटीत 'दिवाळी' असं मराठीत लिहिलं. पट्टी जागच्या जागी. सूचनांची चौकट पुन्हा भलतीकडे येत होती, पण त्या रात्री मला तिचं काही वाटलं नाही. भाच्याने नंतर ६.८ वर प्लगइन पुन्हा बांधला, या वेळी रीतसर पॅकेज करून.

तुमचं दुखणं वेगळं निघालं तर

त्रिमितीचं काही उघडलं की कोसळत असेल, मग ते जीटीकेचं असो की क्यूटीचं, तर मेसा किंवा ड्रायव्हर बघा. 'लिबजीएल ऑलवेज सॉफ्टवेअर' हा चल (शब्दांमध्ये अंडरस्कोर, सगळी अक्षरं मोठी) १ करून प्रोग्रॅम चालवा. हळू चालला पण टिकला, तर बिघाड कार्डाच्या ड्रायव्हरच्या बाजूला आहे.

फक्त जीटीके ४ चे प्रोग्रॅम पडत असतील तर चित्र काढायची पद्धत बदलून बघा. जीटीके ४.१४ मध्ये नवे रेंडरर (चित्र काढणारे भाग) आले आणि ४.१६ पासून वेलँड या पडदा-यंत्रणेवर व्हल्कन हा रेंडरर मूळ पर्याय झाला. जुन्या कार्डांवर याचा त्रास होऊ शकतो. 'जीएसके अंडरस्कोर रेंडरर' ची किंमत 'जीएल' आणि मग 'कैरो' देऊन पाहा.

कारण सापडलंच नाही आणि काम थांबलंय, तर मागे जा, पण सगळ्यांना घेऊन जा. आर्चमध्ये जुनी पॅकेजेस 'व्हार', 'कॅश', 'पॅकमन', 'पीकेजी' या वाटेवर पडलेली असतात. त्या दिवशी बदललेली सगळी एकाच आज्ञेत 'पॅकमन' आणि मोठ्या यू ने परत बसवा. फेडोरात 'डीएनएफ हिस्टरी अंडू', जुनी पॅकेजेस भांडारात असतील तर. ओपनसुसे बीटीआरएफएस या फाइल-पद्धतीवर असेल तर सुरुवातीच्या मेनूतून जुना स्नॅपशॉट (यंत्रणेची तेव्हाची प्रत) निवडा आणि मग 'स्नॅपर रोलबॅक'.

आता आमच्या दुकानात ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून दिवाळी अंक छापखान्यात जाईपर्यंत कामाच्या मशीनवर अपडेट होत नाही. क्यूटीची नवी आवृत्ती अलीकडे वर्षातून दोनदा येते, साधारण एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. नेमकी दुसरी आमच्या हंगामात. बाकीच्या महिन्यांत अपडेट आधी जुन्या लॅपटॉपवर लावते आणि तिथे मेनू उघडून मराठीत एक शब्द लिहून बघते. 'पॅकमन'ला मोठा क्यू आणि छोटा एम दिलं की भांडाराबाहेरून आलेल्या पॅकेजेसची यादी मिळते, तीही तेव्हाच बघते. आमच्या यादीत सध्या चार नावं आहेत. ती कुणी, कधी, कुठल्या क्यूटीवर बांधली, हे टेबलाच्या खणातल्या वहीत पेन्सिलीने लिहिलेलं आहे.